फुगलेल्या नसा आणि इंजेक्शननंतरचे आठवडे

दसऱ्याच्या आगेमागे शेतात सीतादहीची पूजा झाली की अमरावतीकडच्या तिवसा तालुक्यात कापसाची पहिली वेचणी सुरू होते आणि पुढचे तीन-चार महिने गावातल्या बायांना टेकायला सवड नसते. याच दिवसांत हवाही पालटते. वऱ्हाडातली थंडी लांबत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एवढीच काय ती. पायावरच्या फुगलेल्या नसांवर, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्सवर इंजेक्शनचा उपचार करून घ्यायचा तर हेच महिने सोयीचे असतात. उपचारानंतर घट्ट मोजे घालून राहावं लागतं, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे चढलेला असताना ते मोजे दिवसभर पायात ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही. उपचाराचा हंगाम आणि मजुरीचा हंगाम नेमका एकाच वेळी येतो. वेचणी आटोपली की दाखवू, असं म्हणता म्हणता एक वर्ष जातं, मग दुसरं. म्हणून या भागात या आजाराबद्दल बोलायचं तर औषधाच्या आधी ही अडचण लक्षात घ्यावी लागते.

तक्रारी सगळ्यांच्या ओळखीच्या असतात. दिवस मावळेपर्यंत पाय भरून येतात, घोट्याशी सूज दिसते, रात्री पोटरीत गोळे येऊन झोपमोड होते. पोटरीवर आणि मांडीच्या आतल्या बाजूला निळसर, वळणावळणाच्या नसा उभं राहिलं की वर येतात, आडवं झालं की विरून जातात. बायांचे पाय लुगड्याखाली, पुरुषांचे पायजम्याखाली झाकलेले असतात. दुखणं वयाचं किंवा कामाचं समजून अंगावर काढलं जातं. जखम होऊन मोजे-चपला भिजायला लागतात तेव्हा कुठे घरातल्यांना कळतं.

पायातलं रक्त हृदयाकडे परत जायचं म्हणजे चार-साडेचार फूट वर चढायचं. त्यासाठी पोटरीचे स्नायू पंपाचं काम करतात. पाऊल टाकलं की स्नायू आकसतात, खोलवरच्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. पाऊल उचलल्यावर ते खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये ठिकठिकाणी एकाच दिशेने उघडणाऱ्या नाजूक झडपा असतात. विहिरीवर मोटार बसवणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. फूटव्हॉल गळका झाला की मोटार बंद होताच पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं. शिरेची झडप गळकी झाली की रक्ताचंही तेच होतं. वर गेलेलं रक्त खाली येतं, शीर ताणते, रुंद होते, मग तिच्यातली पुढची झडप मिटेनाशी होते आणि दुखणं एकेक पायरी खाली सरकत जातं.

माणूस न हलता उभा असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास असतो. तोच माणूस चालायला लागला की निरोगी पायात हा दाब ३० च्या खाली उतरतो. झडपा निकामी झालेल्या पायात चालूनही तो पुरेसा उतरत नाही. दुखणं, सूज, कातडी काळवंडणं हे सगळं या न उतरणाऱ्या दाबातून येतं. आणि याच कारणाने चालणं पायाला मानवतं, एका जागी उभं राहणं मानवत नाही. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेच्या पालखीसोबत पंढरपूरपर्यंत पायी जाणारे वारकरी पाय दमवतात, पण त्यांचा पोटरीचा पंप सारखा चालू असतो. धाब्याच्या भट्टीपुढे दहा तास उभ्या असलेल्या आचाऱ्याचा पंप बंद असतो, वर भट्टीच्या धगीने शिरा आणखी सैल पडतात.

तिवसा नागपूर-अमरावती हमरस्त्यावर आहे. अमरावतीकडून येताना नांदगाव पेठ आणि मोझरीचा गुरुकुंज आश्रम ओलांडला की ते लागतं. त्यामुळे इथे शेतमजुरीच्या जोडीला उभ्याने करायची कामं भरपूर आहेत. धाबे, हॉटेलं, जिनिंग, केशकर्तनालयं, नांदगाव पेठजवळच्या बिझीलँड-सिटीलँडसारख्या घाऊक कापडबाजारातले काउंटर, शाळा, वाहतूक पोलिसांची चौकातली ड्यूटी. डेन्मार्कमध्ये सुमारे ६,००० कामकऱ्यांची १२ वर्षं नोंद ठेवली गेली. कामाचा बहुतेक वेळ उभ्याने किंवा पायावर काढणाऱ्यांना या दुखण्यासाठी रुग्णालयात भरती होण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ पावणेदोन पट निघाला. पुरुष आणि बाया दोघांमध्येही. अर्थात कामच एकटं दोषी नसतं. आईवडिलांना त्रास असेल तर मुलांना होण्याचा संभव वाढतो, बाळंतपणं शिरांवर ताण टाकतात, वजन आणि वय भर घालतं.

दुर्लक्ष झालं तर पुढे काय होतं, हे जास्त गंभीरपणे सांगायला हवं. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी आधी तपकिरी, मग काळपट होते, तिला खाज सुटते. बरेच जण याला गजकर्ण समजून दुकानातून मलम आणतात. त्यात स्टेरॉइड असेल तर कातडी आणखी पातळ होते. मग एखादा काटा, एखादी खरचट निमित्त होते आणि जखम उघडते ती महिनोन् महिने भरत नाही. अशा जखमांवर लोक वर्षानुवर्षं पट्ट्या बदलत राहतात, साखर तपासत राहतात, पण वरच्या शिरेतला दाब कुणी पाहत नाही. ब्रिटनमध्ये अशाच ४५० रुग्णांवर एक चाचणी झाली आणि २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची बिघडलेली शीर लवकर बंद केली, त्यांची जखम मध्यम हिशेबाने ५६ दिवसांत भरली. ज्यांनी आधी फक्त पट्टी बांधून वाट पाहिली, त्यांना ८२ दिवस लागले. मजुरीवर जगणाऱ्या घरासाठी हे २६ दिवस फार मोठे आहेत.

उपचार ठरवण्याआधी डॉपलर सोनोग्राफी हवीच. तीही रुग्णाला उभं करून, कारण गळती उभ्यानेच दिसते. मांडीच्या मुख्य शिरेची झडप गळते आहे की फक्त पोटरीच्या फांद्या फुगल्या आहेत, खोलवरच्या शिरेत जुनी गुठळी आहे का, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. डॉपलरशिवाय कुणी मुख्य शिरेत इंजेक्शन द्यायला निघालं तर नम्रपणे नकार देऊन उठावं.

गावात इंजेक्शन म्हटलं की कमरेत घ्यायची सुई किंवा ताकदीची बाटली डोळ्यांपुढे येते. हा उपचार अगदी वेगळा आहे. वैद्यकात त्याला स्क्लेरोथेरपी म्हणतात. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट किंवा पोलिडोकॅनॉल या औषधांपैकी एक थेट बिघडलेल्या शिरेत सोडतात. औषध शिरेच्या आतल्या अस्तराला इजा करतं, शीर आकसते, तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत तिची नुसती तंतुमय रेघ उरते. केसासारख्या बारीक शिरांसाठी औषध पातळ घेतात, जाड शिरांसाठी तीव्र. जाड शिरेत द्रवरूप औषध रक्तात मिसळून निष्प्रभ होतं, म्हणून तिथे त्याचा फेस करतात. दोन सिरिंज एका तीन तोंडांच्या तोटीला जोडतात, एकीत एक भाग औषध, दुसरीत चार भाग हवा, आणि दट्ट्या वीसेक वेळा इकडून तिकडे ढकलला की घट्ट पांढरा फेस तयार होतो. तो लगेच वापरावा लागतो, मिनिटा-दोन मिनिटांत त्याचं पुन्हा पाणी व्हायला लागतं. फेस शिरेतलं रक्त पुढे सारून स्वतः भिंतीला भिडतो, त्यामुळे थोड्या औषधात काम होतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर तो चमकतो, म्हणून डॉक्टरला तो कुठवर पोचला हे दिसत राहतं. एका बैठकीत साधारण १० मिलिलिटरपेक्षा जास्त फेस देऊ नये, असा संकेत आहे. भूल लागत नाही, भरती व्हावं लागत नाही.

या साध्या दिसणाऱ्या कृतीमागे मोठा इतिहास आहे. सुश्रुतसंहितेत शिरांपासून होणाऱ्या गाठीचं वर्णन आहे. अशक्त माणसाने झेपणार नाही एवढे श्रम केले की वायू शिरांचं जाळं आखडून, दाबून गोल, उंच गाठ उभी करतो, असं कारण तिथे दिलं आहे. आजचं निदान आणि ते वर्णन एकच आहे असं म्हणता येत नाही, पण श्रमाशी असलेला संबंध त्या काळच्या वैद्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. इंजेक्शनची सुई आली ती १८५३ च्या सुमारास, फ्रान्समध्ये प्रावाझ आणि स्कॉटलंडमध्ये वुड यांच्या हातून. लगोलग तिने शिरांत लोहाचे क्षार टोचून पाहिले गेले आणि त्यातून सूज, जंतुसंसर्ग, जखमा झाल्या. विसाव्या शतकात जरा सौम्य औषधं मिळाली. डब्लिनमधले डॉक्टर जॉर्ज फेगन यांनी १९६० च्या दशकात इंजेक्शननंतर पाय घट्ट बांधण्यावर आणि रुग्णाला चालवण्यावर भर दिला, आणि या उपचाराला शिस्त आली. तीन तोंडांच्या तोटीने फेस करण्याची सोपी रीत इटलीतले लोरेंझो तेस्सारी यांनी २००० च्या सुमारास मांडली. तिला खर्चिक यंत्र लागत नाही. लहान गावातल्या रुग्णाच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे.

सगळ्यांना पडणारा प्रश्न असा: शीरच बंद केली तर रक्त जाणार कुठून? पायातलं जवळजवळ नव्वद टक्के रक्त खोलवरच्या शिरांतून जातं. वरची बिघडलेली शीर रक्त वर नेत नव्हतीच, उलट खाली आणत होती. ती मिटली की खोलवरच्या शिरांचा भार कमी होतो. पुढे बायपासची वेळ आली तर पायाची शीर लागेल, ही भीतीही काहींना वाटते. फुगून वेडीवाकडी झालेली शीर त्या कामाला सहसा घेतच नाहीत.

इंजेक्शन झाल्यावर काही मिनिटं झोपून फक्त पाऊल हलवायचं. मग पाय खालून वर बांधतात किंवा मोजा चढवतात, आणि लगेच रुग्णाला उठवून वीस-तीस मिनिटं चालायला लावतात. घरच्या माणसांना इथेच धक्का बसतो. नसेचा उपचार झालाय, आता पंधरा दिवस बाजेवरून उठू द्यायचं नाही, हा आपल्याकडचा मायेचा रिवाज. या उपचारात तोच रिवाज अपाय करू शकतो. पडून राहिलं की पोटरीचा पंप थांबतो आणि खोलवरच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ चालायचं, घरातली हलकी कामं करायची, पण चुलीपुढे किंवा नळावर एका जागी खिळून उभं राहायचं नाही. बसायचं तर पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत. रात्री बाजेच्या पायथ्याकडच्या खुरांखाली एकेक वीट ठेवली की पाय हृदयापेक्षा जरा उंच राहतात.

तिवस्याहून अमरावतीला जाऊन उपचार घेणाऱ्याने त्याच दिवशी स्वतः मोटरसायकल चालवत परतू नये. फेसानंतर क्वचित काही वेळ डोळ्यांपुढे चमकतं किंवा अंधारतं. अर्धशिशी असणाऱ्यांत हे जास्त दिसतं आणि बहुधा थोड्या वेळात ओसरतं. एसटीने यावं, सोबत कुणी असावं, आणि बसल्या जागी टाचा वर-खाली करत राहावं.

मोजे किती दिवस, याबद्दल डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. पहिले एक-दोन दिवस सलग आणि मग एक-दोन आठवडे फक्त दिवसा, असं पुष्कळ जण सांगतात. माप सकाळी, सूज नसताना घ्यावं. मोजा अंथरुणातून उठण्याआधी चढवावा, कारण उभं राहिल्यावर पाय भरतो आणि मग तो चढत नाही. सैल क्रेप बँडेज दुपारपर्यंत घोट्यावर गोळा होतं आणि तिथेच काचतं, ते नसलेलं बरं. एक इशारा मात्र ठळकपणे द्यायला हवा. बिडी-सिगारेट ओढणारे आणि जुने मधुमेही यांच्या पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात. अशा पायावर घट्ट मोजा चढवला तर रक्तपुरवठाच तुटू शकतो. पावलाची नाडी तपासल्याखेरीज दुसऱ्याचा मोजा उसना घेऊन घालू नये.

पहिल्या आठवड्यात शीर दिसायला आधीपेक्षा वाईट दिसते. ती कडक, दुखरी लागते, वर लाली येते. आत अडकलेलं रक्त साकळल्याची ही खूण असते. गरज पडली तर दोन आठवड्यांनंतर डॉक्टर बारीक सुईने ते काढून टाकतात आणि दुखणं उतरतं. काही जणांच्या कातडीवर शिरेच्या वाटेने तपकिरी रेघ उमटते. बहुतेकांची सहा महिने ते वर्षभरात फिकी पडते. उन्हाने ती गडद होते, म्हणून शेतात जाताना पाय झाकलेले असावेत. अगदी गरम पाण्याची आंघोळ पहिले काही दिवस टाळावी. पाय चोळू, रगडू नये, तेल लावून मालिश तर नाहीच.

काही लक्षणांसाठी मात्र सकाळपर्यंतही थांबायचं नाही. पूर्ण पोटरी ताठ होऊन सुजली, धाप लागली, छातीत दुखलं, बोलताना जीभ अडखळली किंवा हात-तोंड वाकडं झालं तर तडक मोठं रुग्णालय गाठायचं. हे सगळं क्वचितच होतं, पण ठाऊक असावं. गरोदर बाईला, नुकतीच खोल शिरेत गुठळी झालेल्याला, अंथरुणाला खिळलेल्याला किंवा या औषधाची अ‍ॅलर्जी असलेल्याला हे इंजेक्शन देत नाहीत. बाळंतपणात फुगलेल्या शिरा पुढच्या काही महिन्यांत पुष्कळदा आपोआप बसतात, तोवर वाट पाहावी.

मग हा सर्वांत चांगला उपाय आहे का? मांडीची मुख्य शीर बिघडलेली असेल तर नाही. ब्रिटनमध्ये सुमारे ८०० रुग्णांत फेस, लेसर आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. पाच वर्षांनंतर लेसर किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांना फेसवाल्यांपेक्षा पायाचा आराम जास्त होता. तिथल्या मार्गदर्शक सूचनांतही आधी उष्णतेने शीर बंद करणारे लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी, ते शक्य नसेल तर फेस आणि शेवटी शस्त्रक्रिया असा क्रम दिला आहे. पोटरीच्या फांद्या, शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उगवलेल्या शिरा, वय झालेले किंवा भूल न झेपणारे रुग्ण, जखमेभोवतीच्या शिरा, इथे फेसाचा उपयोग निर्विवाद आहे. तो एकदाच घेऊन भागेल असं कुणी सांगत असेल तर ते अर्धंच खरं. चार-सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी, लागलं तर दुसरी बैठक, आणि काही वर्षांनी नव्या शिरा दिसणं, हे धरून चालावं.

खर्चाच्या धास्तीने अनेक जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. राज्याची जीवनदायी योजना, आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, २ जुलै २०१२ ला पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होतं. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आपल्या पायासाठी सुचवलेली प्रक्रिया योजनेत बसते का, हे भरती होण्याआधी त्याला विचारून घ्यावं. अमरावतीचं इर्विन, डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, अकोल्याचं सर्वोपचार आणि सेवाग्रामचं कस्तुरबा, या रुग्णालयांत शल्यचिकित्सा विभाग आहेत. निदान तिथून सुरू करता येतं. तारीख ठरवताना डॉक्टरला कामाचं वेळापत्रक मोकळेपणाने सांगावं. शेवटची वेचणी संपल्यापासून ऊन तापायच्या आत, साधारण संक्रांत ते होळी, हा काळ बहुतेकांना साधतो. जखम उघडी असेल तर मात्र हंगाम बघायचा नाही.

फुगलेली शीर घोट्याजवळ फुटली तर रक्ताची धार लागते आणि माणसं गडबडतात. अशा वेळी रुग्णाला जमिनीवर आडवं करायचं, पाय वर उचलायचा आणि स्वच्छ कापडाने नेमक्या जागेवर दहा-पंधरा मिनिटं न सोडता दाबून धरायचं. बहुतेक वेळा रक्त थांबतं. मांडीला दोरी आवळू नये, त्याने शिरेतलं रक्त अडून धार वाढते. खुर्चीवर पाय खाली सोडून बसवणं तर धोक्याचं.

राहिला प्रश्न उभं राहण्याचा. केरळात कोझिकोडच्या दुकानांतल्या बायांनी कार्यकर्त्या पी. विजी यांच्या पुढाकाराने कामावर बसायला मिळावं म्हणून लढा दिला. पायाच्या शिरांचं दुखणं ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. २०१८ मध्ये केरळने आणि २०२१ मध्ये तमिळनाडूने दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं. कारखान्यांसाठी ही तरतूद देशात फार जुनी आहे; १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बैठकीची सोय सांगितली होती आणि २०२० च्या कामगार संहितेतही ती घेतली गेली. जिनिंगमधल्या, कापडाच्या काउंटरमागच्या, धाब्यावरच्या माणसाला गिऱ्हाईक नसताना टेकायला एक उंच स्टूल आणि तासा-दोन तासांनी पाच मिनिटं चालायची मुभा, एवढं मालकाला सहज देता येतं. इंजेक्शन घेऊन कामावर परतलेल्याला त्याची गरज पहिल्या दिवसापासून असते.